हा दमत का नाही?

कलकत्त्यातल्या खिदिरपूरच्या फॅन्सी मार्केटमध्ये एके काळी काय मिळत नसे, एवढंच विचारावं. गोदीला लागलेल्या बोटींवरून उतरलेला माल कस्टमच्या गोदामात जायचा, आणि जो तिथवर पोचायचा नाही तो या बाजाराच्या गल्लीबोळांत. जपानी टेपरेकॉर्डर, घडीच्या छत्र्या, सेंटच्या बाटल्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे. ऐंशीच्या दशकात त्यात व्हिडिओ कॅसेटींची भर पडली. कव्हरावर बहुधा एक उघडाबंब माणूस हवेत तंगडी ताणून असायचा. दुकानदार चाचा कुठल्याही कॅसेटवर हात ठेवून एकच वाक्य म्हणायचे, "असली है, सीधे हाँगकाँग से." सिनेमाचं नाव त्यांनाही ठाऊक नसायचं आणि गिऱ्हाईकही ते विचारत नसे. ‘ब्रूस ली का’, ‘जॅकी का’ आणि ‘टकलेवालों का’ एवढ्या तीन वर्गवाऱ्यांवर धंदा व्यवस्थित चालायचा.

वडील पोर्टात नोकरीला होते, त्यामुळे माझी शाळेची वर्षं त्या भागात गेली. बोट आत-बाहेर करायची असली की बॅस्क्यूल ब्रिज वर उचलला जायचा, रस्ता बंद व्हायचा आणि शाळेला उशीर करायला आयतं कारण मिळायचं. घरात मराठी, जिन्यात बंगाली, रस्त्यावर उर्दू आणि भोजपुरी. गणपतीत हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात जायचो तेव्हा आई वाटेतच बजावायची, "तिथे तरी नीट मराठी बोल रे." नीट मराठी बोलायला मला तेव्हा फार कष्ट पडत.

ऑर्फनगंज बाजाराच्या मागच्या अंगाला एक व्हिडिओ हॉल होता. हॉल म्हणजे गोणपाटाचा वास मारणारी एक लांबोडकी खोली, समोर टीव्ही, जमिनीवर सतरंजी आणि मागच्या भिंतीला टेकून दोन बाकं. सतरंजी पोरांची, बाकं गोदीतल्या माणसांची. पाळी संपवून आलेले हमाल, खलाशी, लॉरीचे क्लीनर असे लोक तिथे बसत. बिहारी, ओडिया, तेलुगू, नेपाळी, कुणी चितगावचा. पडद्यावरची माणसं कसल्यातरी इंग्रजीत बोलत, तेही ओठ मिटल्यावर. पुढे वाचनात आलं की हाँगकाँगचे त्या काळातले बहुतेक सिनेमे मुळात आवाजाशिवायच चित्रित होत आणि चिनी संवादसुद्धा मागाहून चिकटवले जात. म्हणजे त्यांच्या मायदेशातही ओठ आणि शब्द यांचं फारसं पटत नसणार. आमचं काही अडलं नाही. कुणाचा गुरू मेला, कुणी मारला आणि आता कोण कुणाला धरणार, हे सतरंजीपासून बाकापर्यंत सगळ्यांना एकाच क्षणी कळायचं. इतक्या भाषांच्या माणसांना एकाच वेळी हसवणारं किंवा श्वास रोखायला लावणारं दुसरं काही त्या वस्तीत मी पाहिलं नाही.

या सिनेमांच्या बाजूनं बोलायचं तर सुरुवात इथून करावी लागते. यांचा भरवसा शब्दांवर नसतो, शरीरावर असतो. आणि शरीर म्हणजे चेहरा नव्हे. पाय, कंबर, मनगट, मान, सगळंच.

टकल्यांचा म्हणून जो सिनेमा तिथे पुनःपुन्हा लागायचा तो ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’, 1978 चा. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग, नायक गॉर्डन लिऊ. सुरुवातीचा भाग मांचू राजवटीचे जुलूम वगैरे ठरीव मालाचा. मग नायक जखमी होऊन शाओलिन मठात पोचतो आणि सिनेमा खरा सुरू होतो. मठात शिकवणुकीच्या 35 खोल्या आहेत. स्वारी तोऱ्यात थेट सर्वांत वरच्या खोलीत शिरते आणि तिथून बाहेर फेकली जाते. मग सगळ्यात खालची खोली. जेवणघरात जायचं तर मधल्या पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांच्या मोळीवर पाय टेकून पलीकडे उडी मारायची. पाय चुकला की पाण्यात. दोन्ही हात बाजूला ताठ धरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि दंडाला पाती बांधलेली, हात खाली आला की पातं बरगडीत घुसणार. एका खोलीत लांबलचक काठीच्या टोकाला वजन लावलेलं. काठीचं दुसरं टोक धरून, केवळ मनगटाच्या जोरावर, ठरलेल्या ठेक्यात घंटेवर टोला मारायचा. टोला चुकतो, ठेका चुकतो, काठी लोंबते. गॉर्डन लिऊच्या मनगटाच्या शिरा आणि थरथरणारा अंगठा कॅमेरा सोडत नाही.

या प्रसंगाला मागच्या बाकावर सन्नाटा पसरायचा. एरवी मारामारीला शिट्ट्या मारणारी माणसं इथे पुढे वाकून बसत. आमच्याच लाइनीत राहणारे एक भोजपुरी चाचा होते. आयुष्यभर गोदीत गोणी उचललेल्या. हुक धरून धरून त्यांची उजवी मूठ पुरती उघडत नसे. ते एकदा मोठ्यानं म्हणाले, "ई सच बा. कलाई पहिले टूटेला." बाकी सिनेमा खोटा असेल, मनगट खरं होतं, आणि ते ओळखणारी माणसं खोलीत बसलेली होती.

आता याच्या शेजारी आपला ‘दीवार’ ठेवा. 1975 चा, गोदीतल्याच माणसाचा सिनेमा. विजय गोदामात शिरतो, आतून कुलूप घालतो, किल्ली गुंडांच्या म्होरक्याकडे टाकतो आणि एकटा सगळ्यांना लोळवतो. माझ्या मते हिंदी सिनेमातला तो एक बेजोड प्रसंग आहे. पण विजय हे शिकला कुठे? हमाली करता करता? हिंदी नायक जन्मतःच मारामारी शिकून येतो, कर्णाच्या कवचकुंडलांची सोय त्याला बहुधा जन्मतःच असते. अन्यायाची चीड आली की ताकद आपोआप येते, असा तिथे समज. हाँगकाँगवाल्यांचा हिशेब वेगळा. चीड पहिल्या दहा मिनिटांतच येते आणि तिचा काही उपयोग होत नाही. पुढचा तासभर घंटा वाजवावी लागते.

हे त्यांना जमलं याचं कारण सरळ आहे. ती माणसंच तशी घडलेली होती. लाउ कार-लेउंगचे वडील हे लाम साई-विंगचे शिष्य, आणि लाम हे वाँग फेई-हंग या विख्यात उस्तादाचे. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ हे तिघं लहानपणी पेकिंग ऑपेराच्या एकाच शाळेत, एकाच कडक गुरूच्या छडीखाली कोलांट्या शिकले. ब्रूस ली विंग चुन ही कुंगफूची शैली शिकला तसाच 1958 मध्ये हाँगकाँगच्या चा-चा नृत्यस्पर्धेचा विजेताही होता, आणि हे त्याच्या पावलांत दिसतं. असा माणूस हाताशी असेल तर दिग्दर्शकाला फार काही करावं लागत नाही. कॅमेरा मागे घ्यायचा, डोक्यापासून टाचेपर्यंत माणूस चौकटीत ठेवायचा आणि गप्प बसायचं. ‘वे ऑफ द ड्रॅगन’मध्ये रोमच्या कलोसियमची मारामारी सुरू होण्याआधी ब्रूस ली आणि चक नॉरिस दोघंही बराच वेळ अंग मोकळं करतात, सांधे मोडतात, हात-पाय ताणतात. आखाड्यात गेलेल्या कुणालाही ती बैठक ओळखीची वाटेल. आजचा संकलक ते आधी कापून टाकेल.

इथे मराठी माणूस म्हणून मला थोडी चरफड होते. आपल्याकडे शरीराचा सिनेमा नव्हता असं नाही. ‘आलम आरा’चा नायक मास्टर विठ्ठल हा मूकपटांच्या काळात तलवारबाजीच्या जोरावर लोकप्रिय झालेला नट. कोल्हापुरात दांडपट्टा, लाठी, फरीगदगा, विटा आजही शिकवतात आणि जत्रेत त्यांची प्रात्यक्षिकं होतात. दांडपट्टा हे विलक्षण हत्यार आहे. कोपरापर्यंत हात पोलादी खोबणीत, त्यापुढे लवचीक पातं, मनगट वाकवायची सोयच नाही, म्हणून सगळी फिरत खांद्यातून आणि कमरेतून घ्यायची. ते शिकायला वर्षं जातात आणि या शिकण्यात सिनेमा भरलेला आहे. पण अलीकडच्या ऐतिहासिक मराठी चित्रपटांत पट्टा बाहेर आला की लगेच संथ गती, संगणकानं उडवलेलं रक्त आणि घोषणा. वार दिसतो, वस्ताद दिसत नाही. मावळा हे सगळं कुठल्या तालमीत, कुणाच्या शिव्या खात शिकला, हे दाखवणारा एक अख्खा मराठी सिनेमा मला हवा आहे. शिवाजी महाराज त्यात दोन मिनिटं आले तरी चालतील.

कलकत्त्यात या सिनेमांनी आणखी एक काम केलं, त्याची नोंद सहसा कुणी घेत नाही. 1962 च्या युद्धानंतर हजारो चिनी वंशाच्या लोकांना संशयावरून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. त्यात कलकत्त्याची माणसंही होती, पिढ्यान्‌पिढ्या इथे जोडे शिवणारी, कातडी कमावणारी, सुतारकाम करणारी. दहा-बारा वर्षांनी ब्रूस ली आला आणि जो चेहरा हेराचा वाटत होता तो अचानक नायकाचा झाला. बेंटिंक स्ट्रीटवरच्या एका चिनी दुकानात वडील मला बूट घ्यायला न्यायचे. मी मापाला पाय पुढे करून त्या म्हाताऱ्याला विचारलं होतं, "आपको कुंगफू आता है?" त्यानं वरही न बघता सांगितलं, "दो नंबर बड़ा लेना. पैर बढ़ेगा."

एवढं कौतुक झाल्यावर आता दुसरी बाजू. ती लहान नाही.

कथा हा या सिनेमांचा कायमचा अशक्त भाग. गुरूचा खून, शिष्याचा सूड, मध्ये एखादी बहीण मारून टाकलेली. बायकांना दुसरं काम नसे. याला सणसणीत अपवाद आहेत, किंग हूचा 1966 चा ‘कम ड्रिंक विथ मी’, ज्यात नृत्य शिकलेली चेंग पेई-पेई खानावळीत बसल्या जागी गुंडांचा समाचार घेते. पण ती चीज फॅन्सी मार्केटात आली नाही. शत्रू दहा असले तरी रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे एकेक करून पुढे येतात, बाकीचे नऊ मागे हातवारे करत थांबतात. आणि शत्रू कोण, हे बहुधा पासपोर्टवर ठरतं.

‘फिस्ट ऑफ फ्यूरी’ घ्या, 1972 चा. शांघायमधला उस्ताद हुओ युआनजिया 1910 मध्ये वारला, एवढा इतिहास. त्याचा शिष्य चेन झेन कल्पित, आणि सगळे जपानी राक्षस. बागेच्या फाटकावर पाटी आहे, कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव. चेन झेनला अडवून ती पाटी दाखवणारा पहारेकरी कोण? डोक्याला फेटा बांधलेला, दाढीवाला हिंदुस्थानी. ब्रूस ली उडी मारून पाटीचे तुकडे करतो तेव्हा हॉलमध्ये छप्पर उडायचं, आणि त्या जल्लोषात आपला माणूस फाटकाच्या कुठल्या बाजूला उभा आहे हे आम्हाला दिसलंच नाही. शांघायच्या वसाहतीत शीख पोलीस खरोखरच होते. इंग्रजांच्या साम्राज्याचा पहारा आपल्याच लोकांनी किती ठिकाणी दिला, त्याचा तो एक पुरावा. या सिनेमाला ते सुचवायचं होतं का? मला वाटत नाही. त्याला फक्त एक फेटा हवा होता.

जपानी खलनायकाबद्दल मात्र खिदिरपूरच्या जुन्या माणसांना पटवून द्यावं लागत नसे. 5 डिसेंबर 1943 ला भर दिवसा जपानी विमानांनी इथल्या गोदीवर बाँब टाकले, शेकडो माणसं मेली, आणि त्यात मोठा भरणा गोदीतल्या मजुरांचा होता. व्हिडिओ हॉलच्या मालकाचे वडील जपानी पात्र आलं की पचकन थुंकायचे. त्यांच्या थुंकण्याला कारण होतं. पण सिनेमाचं तसं नव्हतं. तो चीड उसनी घेऊन वापरायचा आणि पुढच्या सिनेमात शत्रू बदलायचा. 2008 च्या ‘इप मॅन’मध्ये जपानी सेनापती, 2010 च्या दुसऱ्या भागात इंग्रज मुष्टियोद्धा. खरा इप मॅन, विंग चुनचा गुरू, फोशान सोडून हाँगकाँगला गेला आणि त्यानं शिकवण्या घेतल्या. सेनापतीशी झुंज वगैरे पटकथाकाराची कृपा.

तो इंग्रज मुष्टियोद्धा मला विशेष खटकला, कारण बॉक्सिंग ही खिदिरपूरची घरची विद्या. ‘खिदिरपूर स्कूल ऑफ फिजिकल कल्चर’सारख्या संस्थांनी इथे पिढ्या घडवल्या. नव्वदीच्या अखेरीपासून एकबालपूर, मोमिनपूर, खिदिरपूर या पट्ट्यातल्या मुसलमान घरांतल्या मुलीही रिंगणात उतरू लागल्या. रझिया शबनम त्यांतली ठळक. आधी खेळाडू, मग प्रशिक्षक, आणि देशातल्या पहिल्यावहिल्या महिला बॉक्सिंग पंचांपैकी एक. अलका रघुराम यांनी ‘बुरखा बॉक्सर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये केला तो याच मुलींवर. बुरखा आणि ग्लव्ह्ज असं शीर्षक पाहून परदेशी प्रेक्षक धावला असेल. मला त्यातली मेहनत जास्त महत्त्वाची वाटते.

मोठेपणी तिकडे गेलो असताना अशाच एका क्लबात संध्याकाळचा सराव बघत बसलो होतो. दोन मुली, बारा-चौदा वर्षांच्या असतील. घंटा झाली आणि पहिलं अर्धं मिनिट पुस्तकातल्यासारखं. पाय हलके, गार्ड वर, जॅब सरळ. मग कोपरं खाली आली. तोंडातल्या रबरी गार्डच्या कडेनं लाळ गळू लागली. एकीनं ठोसा मारला तो पोचेपर्यंत त्यातला जीव गेला होता. शेवटच्या मिनिटात दोघी एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून नुसत्या उभ्या, आणि कोच ओरडतोय, "हाथ ऊपर! अरे, हाथ ऊपर!" बघायला त्यात काहीच देखणं नव्हतं. तीन मिनिटांची फेरी किती लांब असते हे रिंगणाबाहेर बसून कळत नाही, पण समोरच्या पोरीच्या पोटऱ्यांकडे बघितलं तर अंदाज येतो.

सराव आटपल्यावर एका मुलीनं मोबाइलवर ‘इप मॅन’चा तुकडा लावला, तोच दहा कराटेवाल्यांना एकटा झोडपतो तो. पोरी घोळका करून बघत होत्या. कोच मागून डोकावले, थोडं बघितलं आणि म्हणाले, "यह थकता क्यों नहीं?" पोरी हसल्या. ते हसले नाहीत.

या सिनेमांतलं माझ्या लेखी सर्वांत मोठं खोटं ते हेच. उड्या, तारेवर उडणं, एका ठोशात तीन माणसं, हे सगळं मी पदरात घेतो. ती काव्यातली अतिशयोक्ती. ‘अ टच ऑफ झेन’मधल्या बांबूच्या बनातून माणूस बाणासारखा खाली येतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाची आठवण काढणारा माणूस रसिक नव्हे. पण दमणूक लपवणं वेगळं. शिकताना दमतो, गळतो, पडतो, हे इतक्या सच्चेपणानं दाखवणारा सिनेमा शिकणं संपलं की अचानक शरीरच विसरतो. शेवटच्या मारामारीत नायकाला दुखतं ते कथेला हवं तेव्हा, आणि दुखणं नाहीसं होतं तेही कथेच्याच सोयीनं. ज्या मनगटानं घंटेपाशी हार मानली होती ते आता पंधरा मिनिटं गदा झेलतं आणि सुजतसुद्धा नाही.

जॅकी चॅननं यातून स्वतःपुरती वाट काढली. त्याच्या सिनेमांच्या शेवटी, नावं सरकत असताना, फसलेले प्रयत्न दाखवतात. उडी हुकली, डोकं आपटलं, स्ट्रेचर आलं. 1985 च्या ‘पोलीस स्टोरी’त तो दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून कित्येक मजले खाली घसरतो, त्यात हात भाजले. पुढच्याच वर्षी ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी झाडावरून पडून कवटीला मार बसला, शस्त्रक्रिया झाली. आमच्या हॉलमध्ये ही नावं सरकू लागली की कुणी उठायचं नाही. सिनेमापेक्षा ते जास्त आवडीनं बघितलं जायचं.

मलाही ते आवडायचं. आता मात्र त्याचा जरा संकोच वाटतो. खोट्या मारामारीची भरपाई खऱ्या हाडांनी करायची आणि तीही दाखवून पुन्हा टाळ्या घ्यायच्या, हा व्यवहार सरळ नाही. शिवाय नायकाचं मोडलेलं हाड दंतकथा होतं. त्याच्याबरोबर काचेतून पडलेल्या, जिन्यावरून गडगडलेल्या दहा जणांची नावं अर्धा सेकंद पडद्यावर राहतात, तीही कॅसेटवाल्यानं शेवट कापला नसेल तर. मागच्या बाकावरच्या त्या चाचांची न उघडणारी मूठ कुणी शेवटच्या पट्टीत दाखवली नाही. ती मूठ घेऊनच ते गावी, छपऱ्याला परत गेले.

आता फॅन्सी मार्केटात कॅसेटींच्या जागी मोबाइलची कव्हरं आणि चार्जर टांगलेले असतात. सिनेमे फोनवर, आणि तेही तुकड्या-तुकड्यांत. एक लाथ, एक कोलांटी, एक पडलेला माणूस, पुढचं. या कापाकापीत पहिल्यांदा गळतो तो मधला तास, बादल्यांचा आणि घंटेचा. म्हणजे या सिनेमांत जे हिणकस होतं ते उरलं आणि जे अस्सल होतं ते गेलं.

माझा भाचा पुण्यात मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या क्लासला जातो, महिन्याला घसघशीत फी भरून. परवा त्यानं विचारलं, "मामा, जुन्या पिक्चरांतला एखादा सांग ना, खरंच बघण्यासारखा." मी त्याला शाओलिनच्या खोल्यांचाच सांगितला. वर हेही सांगितलं की सुरुवातीचा सूडाबिडाचा भाग आणि शेवटची लढाई पळवलीस तरी बिघडत नाही, मध्ये मात्र बोट लावू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, "मामा, त्या काठीचं वजन किती असेल?"